पौष ते शिमगा : कुळागरातला गडी आणि रात्रीची तालीम

आमच्या घरच्या माळ्यावर एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही आहे. ती दोन्ही टोकांकडून लिहिलेली आहे. एका बाजूने उघडली की हिशेब : सुपारी किती मण, नारळ किती शेकडे, भात किती खंडी आणि किती कुडव, माडावर चढणाऱ्याची मजुरी किती. तीच वही उलटी करून मागून उघडली की ‘संगीत सौभद्र’मधली सुभद्रा. संपूर्ण नाटक नव्हे. फक्त सुभद्रेची वाक्ये, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्या पात्राचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे आपली पाळी केव्हा येते ते कळावे. पदांच्या डोक्यावर चाल लिहिलेली. अक्षर दोन्हीकडे एकाच हाताचे. हिशेब रुपये आणि तांगांत आहे, म्हणजे गोव्यात १९५९ साली एस्कुदो आले त्यापूर्वीची ही वही, एवढे निश्चित.

दिवसा सुपारी मोजणारा आणि रात्री सुभद्रा होणारा असा गडी काही आमच्याच घरी जन्माला आला नव्हता. अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, दर वाड्यावर असा एखादा तरी होता. आज आमच्या गणेशोत्सवात आरतीला घुमट धरणाऱ्यांची वाण पडली म्हणून आपण हळहळतो. पण चवथीचे घुमट हे त्या माणसाच्या वर्षाचे एक टोक होते. दुसरे आणि अधिक रंगीत टोक पौषापासून शिमग्यापर्यंतच्या तीन महिन्यांत होते. गोव्याच्या इतिहासात किल्ले, तह, चौकश्या आणि सत्याग्रह सगळे आहे. या तीन महिन्यांची नोंद मात्र फारशी कोणी ठेवलेली नाही, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही तीच लिहायला घेतली.

आधी हे अंत्रुजातच एवढे का बहरले ते सांगितले पाहिजे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली, तेव्हा भाविकांनी आपले देव नदीपार अंत्रुजात आणले. हा मुलूख त्या वेळी आदिलशाहीत होता. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. पाचसात मैलांच्या आत इतकी मोठी देवस्थाने जवळजवळ बसली, ती या पळापळीमुळे. पुढे १७६३ साली फोंडा पोर्तुगीजांच्या हाती गेला. परंतु तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि या नव्या काबिजादींत लोकांचे देवधर्म बहुतांशी तसेच राहू दिले गेले. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, पुढच्याच वर्षी राज्य आणि चर्च वेगळे झाले, आणि हिंदूंना पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला. उत्सवी नाटकांचा भर आला तो यानंतरच्या पन्नास वर्षांत.

देवळे होती म्हणजे जत्रा होत्या, आणि जत्रा कधी? फातर्प्याची शांतादुर्गा पौष शुद्ध नवमीला, कवळ्याची माघ शुद्ध पंचमीला, मंगेशीची माघी पौर्णिमेला. लहानसहान सातेरी, रवळनाथ, बेताळ यांचे उत्सव मध्ये पेरलेले. थंडी सरता सरता सगळा महाल उत्सवात, आणि उत्सव म्हटला की रात्री नाटक.

गोव्याची थंडी ती कसली, असे देशावरून आलेले पाहुणे हसून म्हणतात. त्यांना एकदा पौषातल्या पहाटे कुळागरात उतरवायला हवे. वर माडांची आणि पोफळींची छत्री, खाली केळी, पोफळीला वेढलेली मिरीची वेल, मधून वाहणारा पाट. सूर्य डोक्यावर येईपर्यंत ऊन जमिनीला लागत नाही. पाऊस गेल्यावर झरीचे आणि तळीचे पाणी पाटाने येई आणि ते पाळीपाळीने वाटून घ्यायचे असे. पाळी रात्री दोनला आली तर दोनला उठायचे, अनवाणी पाटात उतरायचे, मातीचा बांध पायाने फोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घ्यायचे. झोपून राहिले तर शेजाऱ्याची पाळी सुरू होई आणि आपल्या पोफळी तहानलेल्या राहत. गावातली निम्मी भांडणे याच पाण्यावरची, आणि गंमत अशी की भांडणारे दोघे रात्री एकाच नाटकात कृष्ण आणि बलराम असत.

सुपारी पाडण्याचे दिवसही हेच. एका पोफळीवर चढलेला माणूस खाली न उतरता झाड झुकवून पलीकडची पोफळ धरतो आणि तिच्यावर जातो. ते पाहायला आम्ही मुले माना वर करून उभी राहत असू. पाडलेली सुपारी सालीसकट अंगणात महिना-दीड महिना वाळायची. अंगण शेणाने सारवलेले, सुपारीने पिवळेकेशरी झालेले, आणि त्याच्या एका कोपऱ्यात रात्री पाठांतर करणारा आमचा गडी. माघात मिरी काढायची. तीही अंगणातच वाळायची.

मळ्यात वायंगण असे. पावसाळी भात, म्हणजे सरद, दिवाळीच्या आसपास कापून झाले की जिथे ओहोळाला पाणी आहे तिथे बांध घालून दुसरे भात करायचे. तरवा काढून लावणी करायची ती थंडीत, गुडघाभर गार चिखलात; आणि ते काम बायकांचे. जिथे पाणी नाही तिथे ओलीवर अळसांदे, कुळीथ, मिरची. खाडीकाठच्या खाजनांत मानशीपाशी मासळी. सत्तरीकडे म्हादईच्या पात्रातच पाणी वळवून पुरण शेती करीत. वायंगणाला रानडुकरांची भीती फार, म्हणून रात्रीची राखण. मळ्यात चार खांबांवर माळा बांधायचा, खाली शेकोटी, हाताशी पत्र्याचा डबा वाजवायला. आमच्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे उत्तम पाठांतर होई ते इथेच. माणूस नाही, कोणी हसायला नाही, आणि झोप तर येऊ द्यायची नाही. सुभद्रेचा विलाप मोठ्याने म्हटला की डुकरेही जवळ येत नसत, असे आमचे आजोबा स्वतःच्या आवाजाविषयी सांगत.

तालमी तुळशीच्या लग्नानंतर लागत. रात्री जेवणे आटोपली की गडी कंदील घेऊन देवळाच्या अग्रशाळेत जमत. नाटकाचे छापील पुस्तक साऱ्या गावात एक. ते मुंबईहून किंवा बेळगावहून कोणी तरी आणलेले आणि पाने सुटत आलेली. म्हणून प्रत्येकाने आपापली भूमिका वहीत उतरवून घ्यायची. आमच्या माळ्यावरची वही ती हीच.

इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण आम्हांला या सगळ्यातली मोठी गोष्ट ही उतरवून घेण्याची वाटते. सरकारी शाळा होती ती पोर्तुगीजची, आणि तीही दूर. मराठी शिकायची तर पंतोजीकडे किंवा गावकऱ्यांनी पदरमोड करून चालवलेल्या खाजगी शाळेत. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ साली निघाली ती घरोघरच्या मूठमूठ तांदळावर. तिचे नावच ते सांगते. खेड्यात तेवढेही सर्वत्र नव्हते. घरी कोंकणी, मळ्यात कोंकणी, भाटकाराशी कोंकणी, कचेरीत पोर्तुगीज. मराठी होती ती पोथीत, कीर्तनात, भजनात. ती परकी मात्र नव्हती. केळोशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये कृष्णचरित्र मराठी ओव्यांत लिहिले, आणि १६१६ मध्ये स्टीफन्स पाद्रींनाही ख्रिस्तपुराण सांगायला ओवीच घ्यावी लागली. १६८४ साली देशी बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोला, असे फर्मान निघाले तेही इथेच. पण कानांनी ऐकलेली मराठी वेगळी आणि हाताने लिहिलेली वेगळी. ज्याला अंगठ्याशिवाय काही येत नव्हते त्याला राजाचा पार्ट मिळाला की तो पंतोजीच्या मागे लागे. त्याने अक्षरे गिरवली ती नाटकासाठी. दोन-तीन हिवाळ्यांत तो ‘हरिविजय’ स्वतः वाचू लागे. ज्याला तरीही वाचता येईना त्याला दुसरा कोणी वाक्य वाक्य म्हणून दाखवी, आणि असे लोक सगळ्यांत कमी चुकत.

भाषाही तालीम मास्तरच्या हाती सुटत नसे. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘न’ आणि ‘ण’, ‘मी करतो’ आणि ‘मी करता’ यांवरून शिव्या बसत. एकाच घरातले दोघे भाऊ तालमीत एकमेकांना ‘आपण’ म्हणत आणि घरी परतताना वाटेत ‘तूं’वर येत. आमच्या मते अंत्रुजातले मराठी टिकले ते शाळांइतकेच या अग्रशाळांतल्या कंदिलांमुळे. घरी कोंकणी बोलणाऱ्यांनीच ते टिकवले, हे १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी दोन्हीकडून जे बोलले गेले त्यात कुठेच ऐकू आले नाही.

गाणे शिकवायला माणसांची उणीव नव्हती. देवळांच्या सेवेतल्या कलावंत घराण्यांत गाणे पिढ्यान्‌पिढ्या होते. याच मातीतून मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर निघाले, ज्यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई निघाल्या, आणि मोगूबाई तर लहानपणी नाटक मंडळीतच होत्या. मोठी नावे बाहेर गेली आणि मोठी झाली. जे गेले नाहीत ते गावात पायपेटीवर बसून पोफळी शिंपणाऱ्या माणसाकडून भूप घोटवून घेत राहिले. त्यांची नावे कोठे नाहीत. त्यांना मानधन काय, तर दोन शेकडे नारळ आणि नाटकाच्या रात्री पहिल्या रांगेत बसायचा मान. ज्या समाजाने हे गाणे जपले त्याच्याच बायकांना गावाने कोणत्या नजरेने पाहिले तेही सांगायला हवे. टाळ्या देणारे हात दुसऱ्या दिवशी ओळख दाखवत नसत.

सगळे गोड गोड नव्हतेच. देवस्थाने महाजनांची. मंडपात कोणी कुठवर यायचे, रंगमंचावर कोणी कोणती भूमिका करायची, याला रेघा आखलेल्या होत्या. भाटकाराचा मुलगा आवाज नसताना अर्जुन होई आणि मुंडकाराचा मुलगा आवाज असून द्वारपाल. काही वाड्यांनी मग आपल्या सातेरीपुढे आपला वेगळा मंडप घातला आणि आपले नाटक केले. ती नाटके कधीकधी मोठ्या देवळातल्या नाटकापेक्षा सरस होत आणि लोक अंधारात डोंगर ओलांडून ती पाहायला जात.

बायका रंगमंचावर नव्हत्या. स्त्री पार्ट पुरुषांचे. आमच्या आजोबांच्या तळहातांना सुपारीच्या कामाने घट्टे पडलेले. सुभद्रा होताना ते हात पदराखाली ठेवत. पण बायकांचा हिवाळा रिकामा नव्हता. पौषाच्या चांदण्यात त्यांचे धालो असत. दिवसभर वायंगणाच्या चिखलात वाकलेल्या बायका रात्री मांडावर दोन रांगा समोरासमोर करून, एकमेकींच्या कमरेत हात घालून, पुढे-मागे झुलत गात. पाच, सात किंवा नऊ रात्री. पुरुषांना तिथे काम नाही. गाण्यांत कोंकणी-मराठी अशी सरमिसळ की कोणते शब्द कुठले ते वेगळे काढू नये. पुरुषांची मराठी वहीतून आली, बायकांची तोंडातोंडीच आली आणि वहीपेक्षा जुनी होती. आज आम्हांला वही मिळाली. आजीची गाणी मात्र तिच्याबरोबर गेली. वहीच्या दोन्ही टोकांना आजोबाच आहेत, आजी कुठेच नाही.

जत्रेच्या दिवशी दुपारपर्यंत पाणी लावून, गुरांना वैरण घालून गडी मोकळा होई. पालखी फिरून आली की पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या फळाफुलांचा लिलाव. एका केळ्याच्या घडावरून दोन वाड्यांची चढाओढ लागली की उत्सवाचा खर्च निघे. बाहेर खाजे, चणे, लाडू यांची फेरी भरलेली. भाड्याने आणलेले रंगवलेले पडदे, राजवाडा, जंगल आणि रस्ता, बैलगाडीतून आलेले असत. जंगलाचा पडदा आला नाही तर राजवाड्यापुढेच अरण्य समजून घ्यायचे. ग्यासबत्त्या फुसफुसू लागत. नांदी व्हायला अकरा वाजत, एकेका पदाला तीन-तीन वेळा ‘वन्स मोअर’ मिळे आणि भरतवाक्याच्या वेळी कोंबडा आरवे. बायकामुले चटया घेऊन आलेली. मुले तिसऱ्या अंकात झोपलेली. आणि मग सुभद्रा तोंडावरची रंगरंगोटी खोबरेल तेलाने पुसून तशीच कुळागरात उतरे, कारण सकाळी पाण्याची पाळी असे.

पेडणे-डिचोलीकडचा हिवाळा वेगळा रंगे. तेरेखोल ओलांडून दशावतारी मंडळ्या येत. त्यांना पुस्तक नाही, पाठांतर नाही, पेटारा डोक्यावर आणि संवाद तोंडावर. आमच्याकडचे तालीमवाले त्यांना थोडे नाक मुरडत. आज वाटते, उगाच मुरडत होते.

सरकारची नजर असे. सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जाई, तर नाटकाचे काय. परवानगी काढायची, पुस्तक दाखवायचे, प्रसंगी कचेरीतल्या मराठी जाणणाऱ्या कारकुनाची मनधरणी करायची. पौराणिक नाटकाला सहसा अडवीत नसत. देवळात देवाची गोष्ट, त्यात काय? पण खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रजांनी १९१० साली बंदी घातली ती गोष्ट पौराणिक असूनच. रंगमंचावरचा कंस कोण हे अंत्रुजातल्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. १९५५ मध्ये सत्याग्रह झाला, हद्दीवरची ये-जा अवघड होऊन बसली. पलीकडून नवी पुस्तके येईनात. तेव्हा जुनीच नाटके पुन्हा उभी राहिली, आणि उतरवून ठेवलेल्या वह्यांना भाव आला. आमच्या वहीत सुभद्रेच्या पानांवर दुसऱ्या शाईने केलेल्या खुणा आहेत. ती भूमिका आजोबांनंतर आणखी कोणी तरी केली असावी.

माघ सरला की काजूच्या बोंडांचा वास डोंगरावरून खाली येई. हे झाड पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेले. त्यांच्याबरोबर आलेल्यांपैकी तेवढेच आम्ही मनापासून आपले मानले. बोंडे गोळा करून कोळंबीत पायाने तुडवायची, रस भट्टीला लावायचा, आणि उर्राकाच्या हंगामात पाठांतराची काय दशा होई ते लिहिण्यात अर्थ नाही. फाल्गुनात शिमगा. नव्या काबिजादींत थोरला शिमगा पौर्णिमेपासून. नाटकातले राजे आता डोक्याला फेटे बांधून रोमटात नाचत, ढोल आणि कासाळे वाजत, सत्तरीत घोडेमोडणी आणि रणमाले होई. त्यानंतर वायंगण पिवळे पडे, कापणीला विळे निघत आणि वही पुन्हा हिशेबाच्या टोकाने उघडे.

१९ डिसेंबर १९६१ नंतर गोष्टी झपाट्याने बदलल्या, आणि पुष्कळशा चांगल्यासाठी बदलल्या. बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी शाळा काढल्या. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला, आणि मुंडकाराच्या मुलाला अर्जुन व्हायला कोणाची परवानगी लागेनाशी झाली. १९७० मध्ये कला अकादमी झाली; तिच्या मराठी नाट्यस्पर्धांनी गावोगावच्या मंडळांना नवी नाटके, नेपथ्य आणि दिग्दर्शन शिकवले, आणि मुख्य म्हणजे स्त्रिया रंगमंचावर आल्या. जुन्याचे गोडवे गाताना हे विसरले तर आम्ही अप्रामाणिक ठरू.

पण त्याच वर्षांत खाणींवरचा पगार महिन्याच्या महिन्याला मिळू लागला आणि रात्री दोनला पाटात उतरायला कोणी तयार होईना. खाणींच्या गाळाने काही मळे भरले. पंप आला, पाळी गेली. पाळीवरची भांडणे गेली आणि पाळीला एकत्र जागणेही गेले. वायंगणाचे कितीतरी मळे आता पडीक आहेत, मेरा फुटल्या आहेत, आणि राखण करायला काही नसल्यामुळे माळेही नाहीत. नाटक अजून होते, अंत्रुजात ते मरणार नाही. मात्र बरेचदा ते ठरावीक रकमेला बाहेरून आणले जाते, मंडळी संध्याकाळी टेम्पोतून येतात, मध्यरात्रीच्या आत आटोपते. छान असते. गावातला कोणी त्यात नसतो, म्हणून कोण कुठे चुकला यावर दुसऱ्या दिवशी पाटावर चर्चा होत नाही.

घुमटाचेही तसेच. घोरपडीचे कातडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाले ते योग्यच झाले. आता बकऱ्याचे लावतात. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. वाद्य मिळते, वाजवणारे हात शोधावे लागतात.

यंदा मंडळातल्या काही मुलांनी स्वतः नाटक करायचे ठरवले आहे. कुठले ते अजून ठरत नाही. संहिता सगळ्यांच्या फोनवर आली आहे. त्यातल्या एकाने आमच्याकडची वही मागून नेली आणि चार दिवसांनी परत आणून दिली. सुभद्रेच्या टोकाकडून त्याने फारसे पाहिले नव्हते. हिशेबाच्या बाजूची ‘कुडव’ म्हणजे किती, हे त्याला विचारायचे होते. वीस कुडवांची एक खंडी, आम्ही सांगितले. मग तो तिथेच ओट्यावर बसून पुढची पाने वाचू लागला.